सूर्य उगवायच्या आधीचा अर्धा तास: झरीच्या शिवारातून

(ज्यांना हा भाग ऐकण्याऐवजी वाचायचा आहे त्यांच्यासाठी. बोलताना आलेले शब्द बरेचसे तसेच ठेवलेत.)

आज आवाज जरा बसलेला वाटेल, कारण सकाळी सव्वासहापासून दवात उभा होतो. झरीला. परभणीहून जिंतूरकडे निघालं की रस्त्यावर झरी लागते, ती. जानेवारीचा महिना, पायात ओल्या चपला, कानाला मफलर आणि हातात फोन.

गेलो होतो सूर्योदयाचे फोटो काढायला. तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी विचारलं होतं की "दादा, आम्ही शेतात उगवता सूर्य काढतो, पण फोटोत नुसता पांढरा ठिपका येतो. डोळ्याला एवढं भारी दिसतं आणि फोनमध्ये काहीच नाही. का?" आजचा भाग याच प्रश्नावर आहे. महागडा कॅमेरा लागत नाही. तुमच्या खिशात आहे तोच फोन चालेल. फक्त सूर्य काय करतो, हवा काय करते आणि फोन काय करतो, या तीन गोष्टी नीट कळल्या पाहिजेत.

आणि एक चौथी गोष्ट मला आज सकाळीच कळली. ती शेवटी सांगतो. शेवटपर्यंत थांबा.

आधी वेळ. नेमकं किती वाजता?

आपण म्हणतो, "सहाला उठू, सूर्य निघेलच." इथेच पहिली चूक होते. घड्याळ आणि सूर्य यांचं आपल्याकडे जमत नाही.

भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावरून ठरते. ती रेषा उत्तर प्रदेशात मिर्झापूरजवळून जाते. परभणी आहे साधारण ७६.८ अंशावर, म्हणजे त्या रेषेच्या पश्चिमेला. पृथ्वीला एक अंश फिरायला चार मिनिटं लागतात. हिशेब केला तर आपला सूर्य घड्याळाच्या मागे साधारण तेवीस मिनिटं चालतो.

आता भिंतीवरचं कॅलेंडर बघा. त्यावर सूर्योदयाची वेळ बऱ्याचदा मुंबईची दिलेली असते. मुंबई आणि परभणी जवळपास एकाच अक्षांशावर आहेत, पण परभणी पूर्वेला आहे. म्हणून मुंबईच्या वेळेतून पंधरा-सोळा मिनिटं वजा करा, की आपली वेळ आली. नेट नसलं तरी हा हिशेब चालतो.

वर्षभराचा अंदाज असा. जूनच्या सुरुवातीला परभणीकडे सूर्य पावणेसहाच्या आसपास निघतो. जानेवारीच्या मध्याला जवळजवळ सातला. म्हणजे सव्वा तासाचा फरक. आळशी माणसाने फोटोग्राफी जानेवारीत शिकावी. थंडी असते, पण झोप पूर्ण होते.

पण सूर्योदयाची वेळ ही पोचायची वेळ नाही. सूर्य क्षितिजाच्या खाली सहा अंशांवर असतो तेव्हापासूनच रंग खुलायला लागतात आणि तेव्हापासून उगवेपर्यंत आपल्याकडे वीस-पंचवीस मिनिटं असतात. आभाळ आधी निळं-जांभळं, मग गुलाबी, मग केशरी होतं. बहुतेक पोरं पोचतात तेव्हा हे सगळं संपलेलं असतं. त्यामुळे नियम एकच: सूर्योदयाच्या आधी पाऊण तास जागेवर हजर. त्यातली पहिली पंधरा मिनिटं अंधारात जागा शोधण्यात जातातच.

सूर्य नेमका कुठून निघणार?

"पूर्वेकडून," असं सगळे म्हणतात. बरोबर पूर्वेकडून तो वर्षात फक्त दोनदा निघतो, मार्चमध्ये आणि सप्टेंबरमध्ये, दिवस-रात्र सारखे असतात तेव्हा. एरवी तो सरकत असतो. आपल्या अक्षांशावर जूनमध्ये तो पूर्वेच्या पंचवीस अंश उत्तरेला जातो आणि डिसेंबरमध्ये पंचवीस अंश दक्षिणेला.

हे मोजायचं कसं? हात सरळ लांब करा आणि मूठ वळा. ती मूठ साधारण दहा अंश झाकते. म्हणजे जूनचा सूर्य आणि डिसेंबरचा सूर्य यांच्यात क्षितिजावर पाच मुठींचं अंतर असतं. मे महिन्यात जो सूर्य तुम्हाला लिंबाच्या झाडामागून निघताना दिसला होता, तो डिसेंबरमध्ये त्या झाडाच्या किती तरी उजवीकडे, विजेच्या खांबामागून निघेल. आपली जुनी माणसं हे असंच ओळखायची, घराच्या कोणत्या कोपऱ्यावरून ऊन येतं त्यावरून.

झरीसाठी एक सोपी खूण सांगतो. परभणीहून जिंतूरला जाणारा रस्ता साधारण उत्तरेकडे जातो. म्हणजे जाताना सूर्य उजव्या हाताला निघतो. डाव्या हाताच्या शेतांवर कोवळं ऊन पसरतं आणि उजव्या हाताची शेतं उजेडाच्या विरुद्ध दिसतात. दोन्हीचे फोटो पूर्ण वेगळे येतात. कोणता हवा ते आधी ठरवा आणि मग गाडी लावा.

लाल का दिसतो, आणि इतक्या लवकर का संपतो?

सूर्याचा उजेड पांढरा असतो, त्यात सगळे रंग मिसळलेले असतात. हवेचे रेणू त्यातला निळा रंग जास्त विखुरतात आणि लाल कमी. सूर्य डोक्यावर असतो तेव्हा त्याच्या उजेडाला हवेचा थर एकदाच सरळ पार करावा लागतो. क्षितिजावर असतो तेव्हा तोच उजेड तिरका येतो आणि त्याला सुमारे ३८ पट हवा पार करावी लागते. वाटेत निळा सगळा सांडून जातो. आपल्यापर्यंत पोचतो तो पिवळा, केशरी आणि लाल.

यात एक गंमत आहे. सूर्याचा गोळा क्षितिजाला टेकलेला दिसतो ना, तेव्हा तो खरं तर क्षितिजाच्या खालीच असतो. हवा उजेडाला वाकवते, जवळपास अर्धा अंश. सूर्याची रुंदीही तेवढीच, अर्धा अंश. म्हणजे आपण ज्याचा फोटो काढतो तो अजून उगवलेलाच नसतो. खालची कड वरच्या कडेपेक्षा जास्त उचलली जाते, म्हणून गोळा थोडा चपटा दिसतो. तो चपटेपणा फोनचा दोष नाही.

आता वेग. पूर्ण गोळा वर यायला दोन-अडीच मिनिटं लागतात. एक मूठ वर चढायला पाऊण तास. फोटोवाले ज्याला 'गोल्डन अवर' म्हणतात, तो सोनेरी उजेड सूर्य सहा अंश वर जाईपर्यंतच टिकतो. उत्तर युरोपात हिवाळ्यात सूर्य तिरका-तिरका चढतो, तिकडे तो तास खरंच तासाचा, कधी त्याहून लांब असतो. आपल्याकडे सूर्य जवळपास उभा चढतो, त्यामुळे तो 'तास' अर्ध्या तासातच संपतो. यूट्यूबवर परदेशी फोटोवाला "आरामात करा, खूप वेळ आहे" म्हणत असेल तर ऐकू नका. त्याच्याकडे असेल. आपल्याकडे नाही.

धुकं आणि दव

झरीचा परिसर दुधनेच्या खोऱ्यातला. जमीन सपाट, काळी आणि ओलावा धरणारी. हिवाळ्यात आभाळ निरभ्र असलं की रात्री जमीन आपली उष्णता भराभर आभाळात सोडते आणि गार पडते. तिला टेकलेली हवा पण गार पडते. त्या हवेत ओलावा असेल तर त्याचे बारीक थेंब होतात, तेच धुकं. म्हणून धुकं आधी कुठे येतं? नदीकाठी, खोलगट जागी आणि ज्या रानाला नुकतंच पाणी दिलंय त्या रानात. शेजारचं कोरडं रान मोकळं असतं आणि पाणी दिलेल्या गव्हावर कमरेइतकी पांढरी चादर असते.

धुकं पकडायचं असेल तर आदल्या दिवशी तीन गोष्टी बघा. आभाळ स्वच्छ आहे का, वारा पडलाय का आणि थंडी आहे का. परभणीची थंडी तशी प्रसिद्ध आहे. वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या वेधशाळेत पारा घसरला की दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी असतेच. ती बातमी आली की समजा, उद्याची पहाट आपली. "जगात जर्मनी, भारतात परभणी" म्हणतात ते थंडीपुरतं तरी खरं वाटायला लागतं.

दवाचं सांगायचं तर हरभऱ्याचं रान सोडू नका. हरभऱ्याच्या पानांवर आंबट रस असतो, आंब म्हणतात त्याला. आपल्याकडे जुनी बायामाणसं पहाटे स्वच्छ धडपं हरभऱ्यावरून फिरवायची, दवासकट आंब त्यात टिपली जायची, मग पिळून बाटलीत भरायची. पोटदुखीवर घरोघरी ती बाटली असायची. त्या दवाच्या थेंबांवर पहिला किरण पडतो तेव्हा सगळं रान चमकतं. जमिनीला टेकून, फोन उलटा धरून, लेन्स खाली पानांच्या पातळीवर आणून फोटो घ्या. फोन उलटा धरला तरी फोटो सरळच येतो.

आता फोन. ठिपका पांढरा का होतो?

फोनचा कॅमेरा समोरचं सगळं चित्र सरासरी मध्यम उजेडाचं करायला बघतो. आता आपल्या फ्रेममध्ये काय असतं? खाली काळी माती. तीही पहाटेची, म्हणजे अजून काळी. फोनला वाटतं, "अरे, फारच अंधार आहे." तो उजेड वाढवतो. माती राखाडी होते आणि आभाळ जळून पांढरं होतं. सूर्याचा ठिपका होतो तो असा.

उपाय पाच आहेत, क्रमाने करा.

एक. लेन्स पुसा. हसू नका. खिशातली धूळ, बोटांचं तेल आणि वरून धुक्याचे थेंब. सूर्य समोर असताना लेन्सवर बोटाचा डाग असेल तर फोटोभर आडव्या-तिडव्या रेघा येतात. सुती रुमाल जवळ ठेवा आणि दर पाच मिनिटांनी पुसा.

दोन. आभाळाच्या उजळ भागावर, पण सूर्याच्या थोडं बाजूला, स्क्रीनवर बोट दाबून धरा. बहुतेक फोनमध्ये फोकस आणि उजेड दोन्ही तिथे लॉक होतात. मग बाजूला येणारी उजेडाची पट्टी खाली ओढा. आभाळाचा रंग डोळ्याला दिसतो तसा होईपर्यंत ओढा. जमीन काळी पडेल, पडू द्या. काळी पडलेली जमीन नंतर थोडी उजळता येते, जळालेलं आभाळ परत येत नाही.

तीन. व्हाइट बॅलन्स. फोनला पिवळा उजेड हा दोष वाटतो, म्हणून तो 'दुरुस्त' करतो आणि सोनेरी सकाळ दुपारसारखी करून टाकतो. प्रो मोड असेल तर व्हाइट बॅलन्स ऑटोवरून काढून डेलाइटवर ठेवा, साधारण ५५०० केल्व्हिन. प्रो मोड नसेल तर नंतर एडिट करताना 'वॉर्म्थ' थोडी वाढवा. थोडीच. हळद सांडल्यासारखा फोटो करू नका.

चार. सूर्य उगवायच्या आधीच्या अंधारात नाइट मोड वापरा, पण फोन हातात धरू नका. नाइट मोड एक-दोन सेकंद उजेड गोळा करतो आणि तेवढ्यात हात हलतो. बांधावरचा दगड, गाडीचं सीट, पाइपलाइनचा व्हॉल्व्ह, कशालाही टेकवा आणि तीन सेकंदांचा टायमर लावा. बटण दाबताना बसणारा धक्कासुद्धा टळतो.

पाच. झूम. सूर्य फोटोत छोटा येतो ही तक्रार खरी आहे. फोनची मुख्य लेन्स जवळपास सत्तर अंशांचं चित्र घेते आणि सूर्य आहे अर्ध्या अंशाचा. म्हणजे फ्रेमच्या रुंदीच्या साधारण एकशेचाळिसाव्या भागाएवढा. डोळ्याला मोठा वाटतो कारण आपलं सगळं लक्ष तिथेच असतं. फोनला वेगळी टेलिफोटो लेन्स असेल तर ती वापरा. बोटांनी ताणून केलेला झूम मात्र नुसता फोटो कापतो आणि मोठा करतो. त्यापेक्षा सूर्य छोटाच राहू द्या आणि त्याच्यापुढे काहीतरी ठेवा.

पुढे काय ठेवायचं?

नुसता सूर्य जगात सगळीकडे सारखाच असतो. तो झरीचा कशामुळे होतो? पुढे जे आहे त्यामुळे. ज्वारीचं कणीस, गव्हाच्या ओंबीची कुसळं, वेचायची राहिलेली पांढरी कापसाची बोंडं, कडब्याची गंजी, ओसाड विहिरीवरची मोट ओढायची जुनी धाव. उजेड मागून येतो तेव्हा कुसळांना, गवताच्या तुऱ्याला आणि बैलाच्या पाठीवरच्या केसांना सोन्याची कड येते. ही कड फक्त पहिल्या वीस मिनिटांत मिळते.

विद्यापीठाने 'परभणी मोती' नावाचा ज्वारीचा वाण दिलाय. नावाप्रमाणे मोत्यासारखे दाणे. त्याचं कणीस उगवत्या उन्हात धरून बघा, नाव का दिलं ते कळेल.

आणि एकदा तरी पाठ फिरवा. सगळे पूर्वेकडे बघत असतात. सूर्य उगवायच्या दहा-पंधरा मिनिटं आधी पश्चिमेला बघा. क्षितिजावर निळसर-करडा पट्टा दिसेल आणि त्याच्यावर गुलाबी. तो करडा पट्टा म्हणजे पृथ्वीची सावली. आपल्याच पृथ्वीची, आभाळावर पडलेली. सूर्य वर येतो तशी ती खाली उतरून मावळते. डोंगराळ भागात ही नीट दिसत नाही. आपल्याकडे रान सपाट, त्यामुळे आपल्याला रोज फुकटात दिसते आणि कोणी बघत नाही.

उंची हवी असेल तर जिंतूरजवळ नेमगिरीच्या टेकड्या आहेत, जिथे जैन लेणी आहेत. तिथून खालचं धुकं थरांमध्ये दिसतं. चारठाण्याची जुनी मंदिरंही याच तालुक्यात. कोवळं ऊन दगडी कोरीवकामावर तिरकं पडतं तेव्हा प्रत्येक नक्षीला सावली मिळते आणि कोरीवकाम उठून दिसतं. पण सेलू तालुक्यात वालूरची चक्राकार बारव बघायला सूर्योदयाला जाऊ नका. बारव जमिनीत खोल, सकाळचा तिरका उजेड तळापर्यंत पोचतच नाही. तिथे ऊन बरंच वर आल्यावर जा. प्रत्येक जागेची आपली वेळ असते.

वर्षाचं वेळापत्रक

जून: नांगरलेलं काळं रान, पहिला पाऊस, मृगाचे ढग. सूर्य दिसेलच असं नाही, पण ढगांच्या कडा पेटतात.

जुलै-ऑगस्ट: हिरवं सोयाबीन, पण पूर्वेला ढगांची भिंत. दहा सकाळी जाल तेव्हा दोन मिळतील.

सप्टेंबरचा शेवट ते ऑक्टोबर: पावसाने धुतलेली हवा आणि उंचावरचे पातळ ढग. माझ्या मते वर्षातलं सगळ्यात रंगीत आभाळ. सोयाबीन पिवळं पडलेलं असतं.

नोव्हेंबर ते जानेवारी: कापूस, तुरीची पिवळी फुलं, गहू, हरभरा आणि धुकं.

फेब्रुवारी-मार्च: करडईची फुलं, हुरडा, पळस. करडईत मात्र घुसू नका, काटे आहेत.

एप्रिल-मे: हवेत धूळ. आभाळ फिकं, पण धुळीमुळे सूर्याचा गोळा लालबुंद आणि डोळ्याला सहन होणारा. डोळ्यावरून आठवलं, फोनच्या स्क्रीनवर बघितलेलं चालतं, पण दुर्बिणीतून किंवा कॅमेऱ्याच्या काचेतून उगवल्यानंतरचा सूर्य कधीही बघू नका.

जीव महत्त्वाचा

अंधारात दुसऱ्याच्या रानात शिरू नका. हे मी तीनदा सांगणार आहे. रानडुकरांपासून पीक वाचवायला काही जण बांधाला तार बांधून तिच्यात सरळ वीज सोडतात. हे बेकायदेशीर आहे आणि यात माणसं मेलीत. सोलर झटका मशीनची तार वेगळी, ती झटका देते. पण पहाटेच्या अंधारात कोणती तार कोणती ते तुम्हाला कळणार नाही. ओल्या गवतात तर नाहीच नाही. कुठल्याच तारेला हात लावू नका.

दुसरं, विहिरी. आपल्याकडे अजूनही कठडा नसलेल्या विहिरी आहेत, गवतात झाकलेल्या. फोनकडे बघत मागे-मागे सरकायचं नाही.

तिसरं, लोक. मोटारी आणि केबल चोरीला जातात, हे सगळ्यांना माहिती आहे. पहाटे पाच वाजता अनोळखी पोरगं फोनची बॅटरी लावून रानात फिरताना दिसलं तर शेतकरी काय समजेल? म्हणून आदल्या संध्याकाळी जाऊन विचारा. "काका, उद्या सकाळी तुमच्या बांधावरून फोटो काढू का?" नाही म्हणणारा माणूस मला तरी अजून भेटला नाही. आणि चालायचं बांधावरून, पिकातून नाही. फुलोऱ्यातला हरभरा तुमच्या एका फोटोसाठी तुडवला गेला तर ते नुकसान त्याचं.

आज सकाळी काय झालं

आता ती चौथी गोष्ट.

सात वाजत आले होते. पूर्व तांबडी झालेली, गव्हावर धुकं, समोर बाभळीचं झाड. मी बांधावर फोन लावून बसलो होतो. तेवढ्यात धुक्यातून एक माणूस चालत आला. खांद्यावर खोरं, डोक्याला बांधलेली बॅटरी, अंगावर घोंगडीसारखी शाल, विजार गुडघ्यापर्यंत वर केलेली आणि पाय चिखलाने भरलेले. मागून उजेड. मी मनात म्हटलं, फोटो मिळाला!

त्याने मला बघितलं.

"का रं, काय करायलास इथं?"

"फोटो काढायलोय मामा. सूर्य निघायलाय ना."

"त्यो रोजच निघतो की."

मग बसला तो माझ्याशेजारी बांधावर. रात्रभर गव्हाला पाणी देत होता. दारं धरत होता. शेतीपंपाला तीन-फेज वीज पाळीने येते, काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. या आठवड्यात रात्रीची पाळी. वीज आली तेव्हा उठायचं, थंडीत पाण्यात उभं राहायचं, एक वाफा भरला की दार मोडून दुसऱ्यात पाणी सोडायचं. साप, विंचू, डुकरं हे सगळं त्यातच. दिवसा वीज मिळावी म्हणून राज्यात २०१७ पासून सौर कृषी वाहिनीची योजना आहे, २०२३ मध्ये तिचा दुसरा टप्पा आला. त्याच्या रानापर्यंत अजून दिवसाची वीज पोचली नव्हती.

मंडळी, मी इतकी वर्षं पहाटेचे फोटो काढतोय आणि कॅप्शनमध्ये लिहितोय, 'नव्या दिवसाची सुरुवात'. त्याच्यासाठी ती सुरुवात नव्हती. त्याची ड्यूटी संपत होती. आपण ज्याला गावाकडची निवांत सकाळ म्हणतो, तिच्यातलं ते सुंदर धुकं त्याच्या पाण्यामुळे आलेलं होतं. मघाशी सांगितलं ना, नुकतंच पाणी दिलेल्या रानात धुकं आधी येतं. ते पाणी रात्री कोणीतरी दिलेलं असतं.

मला वाटलं त्याला म्हणावं, "मामा, एकदा परत त्या धुक्यातून चालत या ना, फोटो मस्त येईल." फोटोवाले असं म्हणतात, मी पण पूर्वी म्हटलंय. आज तोंडातून निघालं नाही. त्याच्या पायांकडे बघितलं. पांढरे पडले होते, सुरकुतलेले.

मी विचारलं, "तुमचा फोटो काढू का?" तो म्हणाला, "काढ की. पण मला दे." मग एक गोष्ट सांगितली, ती डोक्यातून जात नाही. म्हणाला, "शेताचा फोटो तर दर हंगामाला काढावा लागतो मोबाइलात. पण त्यात मी नसतो."

तो ई-पीक पाहणीबद्दल बोलत होता. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झालेलं ॲप. शेतकऱ्याने स्वतः शेतात उभं राहायचं, पिकाचा फोटो काढायचा, म्हणजे सातबाऱ्यावर पिकाची नोंद होते. तुमच्यातल्या कित्येकांनी वडिलांना ते करून दिलं असेल. विचार करा, आपल्या घरात शेताचे फोटो आहेत. लग्नातले आहेत, आधारचे आहेत. पण आजोबांचा, वडिलांचा, आईचा शेतात काम करतानाचा एक चांगला फोटो कितीजणांकडे आहे? मी घरी येऊन शोधला. माझ्याकडे नाही. आजोबा आता नाहीत, म्हणजे आता होणारही नाही.

मग करायचं काय?

फोटो काढायचे, नक्की काढायचे. फक्त तीन गोष्टी जोडू.

पहिली, विचारून काढा. माणूस लांब असेल, नुसती आकृती असेल, तर एक वेळ ठीक. चेहरा दिसत असेल तर विचारा, आणि बाई असेल तर जास्त काळजीने. कापूस वेचायला निघालेल्या बायकांना टेम्पोतून उतरताना फोनसमोर धरायचं नाही. ज्येष्ठ पत्रकार पी. साईनाथ यांनी ग्रामीण बायकांच्या कामावर 'व्हिजिबल वर्क, इनव्हिजिबल विमेन' नावाचं फोटो प्रदर्शन केलं होतं. काम सगळ्यांना दिसतं, करणारी दिसत नाही, असा त्याचा अर्थ. त्यांनीच २०१४ मध्ये 'पारी' हे संकेतस्थळ सुरू केलं, ते मराठीतही आहे. माणसाला मान देऊन फोटो कसा काढतात ते तिथे बघा.

दुसरी, फोटो परत द्या. व्हॉट्सॲपवर पाठवा, जमलं तर परभणीत एखाद्या स्टुडिओत प्रिंट काढून नेऊन द्या. प्रिंट घरात राहते, फोन बदलला की फोटो जातो. मामाकडे साधा फोन होता, त्याने मुलीचा नंबर दिला. घरी यायच्या आधी पाठवला. पाच मिनिटांत मुलीचं उत्तर आलं: "पप्पा झोपलेत. उठल्यावर दाखवते."

तिसरी, एकच जागा वर्षभर काढा. तुमच्या बांधावरचा एक दगड ठरवा. दर महिन्याला एकदा, त्याच दगडावरून, त्याच दिशेला फोटो. बारा महिन्यांत सूर्य पाच मुठी सरकलेला दिसेल, पीक बदललेलं दिसेल. आणि यात नुसती हौस नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यात अतिवृष्टी झाली, पिकं पाण्यात गेली, कुठे मातीच खरडून गेली. तेव्हा सगळ्यांकडे पाण्याचे फोटो होते. पाण्याच्या आधी तिथे काय होतं, रान कसं होतं, बांध कुठवर होता, याचे फोटो फार थोड्या जणांकडे होते. पंचनामा ज्याचा त्याने नियमाने करून घ्यावाच, फोटो त्याची जागा घेत नाही. पण आपलं रान कसं होतं हे आपल्या घराला तरी माहीत असावं.

चला, या आठवड्याचा अभ्यास देतो. एक सकाळ पाऊण तास आधी जागेवर जा. लेन्स पुसा, आभाळावर बोट दाबून उजेड खाली ओढा. एक फोटो पूर्वेचा, एक पाठ फिरवून पश्चिमेचा. आणि तिसरा, घरातल्या ज्या माणसाचा शेतातला फोटो नाही त्याचा. तो कोणालाही पाठवायची गरज नाही, मलाही नाही. घरी ठेवा.

पुढच्या भागात रात्रीच्या आभाळाबद्दल बोलू, फोनवर तारे कसे येतात ते. तोपर्यंत बांधावरून चाला, तारेला हात लावू नका. हे तिसऱ्यांदा सांगितलं. मी आता झोपतो थोडा.

राम राम.